मदत हवी आहे: रेडकॅपला क्रूस दाखवून पळवू द्यायचं का?

रविवारच्या डीअँडडीसाठी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा काल्पनिक पात्रांचा खेळ) रेडकॅप नावाचा दुष्ट बुटका शत्रू म्हणून तयार करतोय. मूळ लोककथा इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची: पडक्या किल्ल्यांत राहणारा म्हातारा, पायात लोखंडी बूट, टोपी वाटसरूंच्या रक्तात रंगवलेली. बायबलचं वचन ऐकवलं किंवा क्रूस दाखवला की किंचाळत गायब होतो, मागे फक्त एक लांब दात उरतो. तो दात मला काहीही करून ठेवायचाय!

घोळ असा की आमच्या चौघांत एक क्लेरिक (देवाच्या शक्तीने लढणारी पुजारी) आहे. तिने पहिल्याच फेरीत पवित्र चिन्ह पुढे केलं तर मारामारी तिथेच संपली. टोपीवरचं रक्त वाळत आलं तरच ते लागू पडेल, असा नियम कसा वाटतो? की सरळ विस्डम सेव्ह (परिणाम टाळता येतो का, ते ठरवणारा फासा) ठेवू? आणि फे (परीकथेतल्या अद्भुत प्राण्यांच्या) जातीला लोखंड चालत नाही, मग याचे बूट लोखंडाचे कसे, असं कोणी विचारलं (विचारणारच) तर काय सांगू?