डिस्टॉर्शन चिरका येतोय, फिल्टर आधी लावू की नंतर?

गिटार थेट इंटरफेसमधून रेकॉर्ड करतोय, डिस्टॉर्शन प्लगिन लावलं की वर माशी घोंगावल्यासारखा आवाज आणि खाली नुसता चिखल. ईक्यू (कमी-जास्त फ्रीक्वेन्सी उचलणारा-कापणारा फिल्टर) डिस्टॉर्शनच्या आधी लावू की नंतर?

> दोन्हीकडे लाव, कामं वेगळी आहेत. आधी हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर), १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बेस क्लिपिंगमध्ये (डिस्टॉर्शन सिग्नलची टोकं छाटतं तिथे) जाऊन बाकीच्या सुरांना चिरडत नाही. नंतर लो-पास (वरचं कापणारा), कारण क्लिपिंगमुळे नवीन हार्मोनिक्स (मूळ सुराच्या वरचे उपसूर) तयार होतात, ते आधीच्या फिल्टरने कसे जाणार? कॅब सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं प्लगिन) लावलंयस का?

नाही लावलं!

> मग सगळ्यात पहिलं काम तेच कर, डिस्टॉर्शनच्या नंतर लाव, गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच कापतो, अर्धी घोंगाव तिथेच जाईल.

> ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडलपण क्लिपिंगमध्ये ७२० हर्ट्झखालचा गेन कमी करतं, म्हणून ते इतकं टाइट वाटतं, मला जाम आवडतं.