शेअरवेअर म्हणजे जांगड का? आणि शेलला कवच म्हणावं का?

विचारणा

जुन्या पीसीवरच्या 'फोरडॉस'बद्दल लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. ही वस्तू इंग्रजीत 'शेअरवेअर कमांड शेल' म्हणून ओळखली जाते. शेअरवेअर म्हणजे आधी वापरून बघायचं, आवडलं तर पैसे भरायचे असं सॉफ्टवेअर. मी जुळवाजुळव करून लिहिलं, 'सामायिक-वाटप तत्त्वावरील आज्ञा-कवच'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "देवीकवचासारखं रोज म्हणायचं असतं का?"

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. डॉस म्हणजे विंडोजच्या आधी पीसी चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली. तिच्यात काळ्या पडद्यावर आपण जे टाइप करायचो ते वाचून कामाला लावणारा 'कमांड डॉट कॉम' नावाचा प्रोग्रॅम असे. तो काढून त्या जागी बसवायचा दुसरा, जास्त हुशार प्रोग्रॅम म्हणजे फोरडॉस. रेक्स कॉन आणि टॉम रॉसन यांच्या जेपी सॉफ्टवेअरने १९८९ मध्ये तो आणला. मॅसॅच्युसेट्समधल्या आर्लिंग्टनची ही छोटी कंपनी.

मला दोन शब्द हवे आहेत, शेलसाठी एक आणि शेअरवेअरसाठी एक. 'तसेच ठेवा' हे उत्तर शेवटचा उपाय म्हणून चालेल.

प्रतिसाद

कवच नको. कवच अंगावर घालतात ते वार झेलायला, आणि शेल काही झेलत नाही. 'शेल' हा शब्द १९६५च्या सुमारास लुई पूझँ या फ्रेंच माणसाने मल्टिक्स या संगणक-प्रणालीची आखणी चालू असताना वापरला. आत गर, बाहेर टरफल, एवढंच ते चित्र. आतल्या भागाला इंग्रजीत कर्नेल म्हणतात, म्हणजे दाणा किंवा मगज. नारळाच्या भाषेत सांगायचं तर खोबरं आणि करवंटी. वापरणाऱ्याचा हात फक्त करवंटीला लागतो.

पूझँचा खरा मुद्दा असा होता की आज्ञा वाचणारा भाग प्रणालीच्या पोटात शिवून टाकू नये, तो इतर प्रोग्रॅमसारखाच एक असावा. तसं असेल तरच तो बदलता येतो. फोरडॉस विकला गेला तो याच फटीतून. 'कॉन्फिग' फाइलमध्ये 'शेल बरोबर' अशी एक ओळ लिहायची, पुढे नव्या प्रोग्रॅमचा पत्ता द्यायचा, की यंत्र चालू होताना जुन्याऐवजी नवा उभा राहायचा. खोबरं मायक्रोसॉफ्टचं, करवंटी आर्लिंग्टनची.

प्रतिसाद

काका, करवंटी बदलता येत नाही हो. एकदा फोडली की खोबरं खवायला घ्यायचं.

कोकणात ओहोटीला रिकाम्या शंखात शिरून चालणारा छोटा खेकडा दिसतो. वाढला की जुना शंख सोडून मोठ्या शंखात जातो. डॉसचं नेमकं तेच झालं, प्राणी तोच आणि शंख नवा. माझं मत 'शंख'ला. फक्त 'आज्ञाशंख' असा समास करू नका, महाभारतातला वाटतो.

प्रतिसाद

शंख काय, करवंटी काय, लेखात 'शेल' लिहा आणि एकदा खेकडा सांगून मोकळ्या व्हा. इन्स्टिट्यूटमध्ये डॉस शिकलेल्या पिढीला 'सी प्रॉम्प्ट' माहीत आहे. शेल हा शब्द बहुतेकांनी लिनक्स आल्यावर ऐकला.

तो जुना कमांड डॉट कॉम किती मठ्ठ होता हे मात्र लिहाच. चार ओळींपूर्वी टाइप केलेली आज्ञा परत हवी असेल तर पुन्हा बडवा. जुन्या आज्ञा परत आणून देणारी डॉसकी आली १९९१ मध्ये, डॉस ५ बरोबर. फाइल हलवायला वेगळी आज्ञाच नव्हती. आधी कॉपी करा, मग मूळ पुसा, आणि क्रम चुकला तर बसा. 'मूव्ह' ही आज्ञा डॉस ६ मध्ये, १९९३ साली मिळाली. फोरडॉसमध्ये हे सगळं आधीपासून होतं.

आणि त्यातली माझी सगळ्यात आवडती गंमत. डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन. 'कोटेशन-रेव्ह-दोन' यापलीकडे काही कळायचं नाही. फोरडॉस प्रत्येक फाइलला एक ओळ वर्णन लिहू द्यायचा आणि ती वर्णनं एका लपवलेल्या फाइलीत ठेवायचा. तिचं नाव? डिस्क्रिप्शन या इंग्रजी शब्दात रोमन अक्षरं बरोबर अकरा. आठानंतर टिंब, झालं नाव तयार! ज्याला हे सुचलं त्याला शब्दचर्चेत मानाचं पान मिळायला हवं.

प्रतिसाद

आता शेअरवेअर. हा शब्द इंग्रजीतही सहजासहजी रुळलेला नाही. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी पीसी-टॉक हा मोडेमवरून संपर्क करायचा प्रोग्रॅम लोकांत मोकळा सोडला, आवडला तर पैसे पाठवा म्हणून, आणि त्या पद्धतीला 'फ्रीवेअर' म्हटलं. पण तो शब्द त्यांनी ट्रेडमार्क करून ठेवला, म्हणजे दुसऱ्यांना वापरायची चोरी. त्याच सुमारास जिम नॉफ पीसी-फाइल हा नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम अशाच रीतीने देत होते. ते म्हणायचे 'वापरणाऱ्यांच्या आधारावरचं सॉफ्टवेअर'. बोलताना दम लागतो. बॉब वॉलेस यांनी पीसी-राइट या लेखनाच्या प्रोग्रॅमसाठी 'शेअरवेअर' उचलला, तोही एका साप्ताहिकातल्या सदराच्या नावावरून. १९८४ मध्ये सॉफ्टॉक-पीसी मासिकातल्या सदरात नेल्सन फोर्ड यांनी वाचकांकडून नाव मागवलं, तेव्हा हाच शब्द सर्वांत जास्त आला. म्हणजे तिकडेही शब्दचर्चाच झाली होती.

मराठीत 'वाटप' नको. वाटप म्हटलं की वह्यावाटप, धान्यवाटप, म्हणजे फुकट आणि वर पाहुण्यांचं भाषण. 'वाटणी' तर भावाभावांत होते आणि प्रत्येकाच्या हाती कमीच येतं. कॉपी केल्यावर देणाऱ्याकडचं काहीच कमी होत नाही. आणि 'शेअर' तसाच ठेवला तर आमच्याकडचे लोक डीमॅट खातं काढतील.

प्रतिसाद

'वानवळा' कसा वाटतो? आपल्या शेतात पिकलं ते चार घरी पाठवायचं.

प्रतिसाद

शब्द गोड आहे, पण वानवळ्याचे पैसे दिले तर देणारा बोलणं टाकेल. हा शब्द पैशांची अपेक्षाच नसलेल्या खऱ्या फुकट सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवा. अर्धवट चालणारा किंवा दहाच नोंदी घेणारा डेमो असतो, त्याला 'वानगी' बरोबर बसतो. आंबेवाला फोड कापून देतो, पेटी देत नाही.

शेअरवेअरला माझ्या मते आपल्याकडे तयार शब्द आहे, 'जांगड'. आमचं कापडाचं दुकान होतं. ओळखीच्या घरी लग्न निघालं की वडील आठ-दहा साड्या जांगड पाठवायचे. घरी नेऊन सगळ्यांना दाखवा, ठेवाल त्यांचे पैसे द्या, बाकीच्या परत. हिशेब वेगळ्या वहीत, कारण विक्री अजून झालेली नसायची. हिरे बाजारातही हा शब्द रोजचा आहे. माल पूर्ण, पैसे पसंतीनंतर आणि मधला सगळा काळ विश्वासावर. फोरडॉस असाच मिळायचा.

प्रतिसाद

जांगड जवळजवळ पटला. एक खोट आहे. जांगड आणलेली साडी गिऱ्हाईक शेजारणीला देत नाही, देऊही नये. शेअरवेअरमध्ये पुढे देणं हाच धंद्याचा पाया. दुकान नाही, जाहिरात नाही. लोक बुलेटिन बोर्डवरून, म्हणजे फोन लावून जोडायच्या दुसऱ्याच्या संगणकावरून, मोडेमने उतरवून घ्यायचे. २४०० बिटांच्या मोडेमवर ३६० केबीची एक फ्लॉपी यायला पंचवीसेक मिनिटं, आणि घरातल्या कुणी मध्येच फोन उचलला तर मेहनत पाण्यात. नाहीतर यूजर ग्रुपच्या बैठकीत फ्लॉपीवर, किंवा कॅलिफोर्नियातल्या पीसी-सिगसारख्या संस्थेच्या कॅटलॉगमधून टपालाने. त्या संस्थेला दिलेले पैसे डिस्क आणि कॉपीचे, लेखकाचे वेगळे. हे न कळून अनेकांना वाटायचं आपण विकत घेतलं.

वॉलेस यांनी तर पुढे देणाऱ्याला दलालीच लावली होती. पीसी-राइटची नोंदणी ७५ डॉलर. तुमच्या क्रमांकाची प्रत फिरत फिरत कुणी नोंदवली की २५ डॉलर तुम्हाला. ही सोय आमच्या कुठल्याच व्यापारी शब्दात नाही.

प्रतिसाद

भारतातली बाजू कुणीतरी सांगायला हवी. माझ्या ओळखीत सगळंच 'कॉपी मारून दे' या एका वाक्याने यायचं, मग ते चोरीचं असो की शेअरवेअर. त्यात फोरडॉस होता, नॉर्टन युटिलिटीज ६ या दुरुस्ती-देखभालीच्या प्रोग्रॅमसंचातला एनडॉसही होता, जो परवाना घेऊन केलेला फोरडॉसचाच अवतार. फ्लॉपीच्या लेबलवर फरक दिसत नव्हता. पडद्यावर 'रजिस्टर' करा असं यायचं, तर आम्ही खुशाल नाव टाइप करायचो. आपल्याकडे नोंदणी म्हणजे रजिस्टरात नाव. त्यात डॉलरचा चेक अमेरिकेला पाठवणं बसतं हे सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी पाठवणार कसा? ताई, लेखात 'नोंदणी शुल्क' असंच लिहा, नुसतं 'नोंदणी' नको.

मूळ विचारणा करणारी

सर्वांचे आभार. सध्या असं केलंय: "फोरडॉस हा डॉसचा बदली शेल. लेखकांनी तो जांगड पद्धतीने दिला: वापरा, आवडला तर शुल्क भरा, आणि हवा त्याला प्रत करून द्या." खेकडा चौकटीत जाईल.

आईला पुन्हा वाचून दाखवलं. जांगड तिला लगेच कळला. "परत कसं करायचं मग?" असं विचारतेय. कॉपी परत कशी करतात ते कुणी सांगेल का?

प्रतिसाद

'डेल' टाइप करायला सांगा, म्हणजे पुसून टाक. फोरडॉसमध्येही तीच आज्ञा आहे.