मदत हवी आहे: शाश्वततेच्या ऑनलाइन कोर्सची चाचणी कर्मचाऱ्यांना कशी जमेल?

नमस्कार मंडळी. पुण्यात विद्यापीठातले विद्यार्थी आणि कर्मचारी, दोघांसाठी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) 2 क्रेडिटचा, म्हणजे 30 तासांचा कोर्स बांधतोय. व्हिडिओ 6-7 मिनिटांचे, 480पी. बहुतेक कर्मचारी मोबाइलवरच बघणार. तो भाग सुटलाय.

घोडं अडलंय चाचणीत. विजेच्या कार्बनचं गणित सगळ्यांना एकाच आकड्यांचं दिलं की उत्तर व्हॉट्सॲपवर फिरणारच. म्हणून 'कॅल्क्युलेटेड' प्रश्न घेतला: महावितरणच्या बिलातली युनिट्स प्रत्येकाला वेगळी, गुणिले 0.7 किलो (एका युनिटमागचा कार्बन डायऑक्साइड). 240 युनिट म्हणजे 168 किलो. पण टॉलरन्स (उत्तरात चालणारा फरक) मुळात 1 टक्का असतो. कुणी 0.71 धरलं तर 170.4 येतात आणि पद्धत बरोबर असून शून्य गुण! तो 3 टक्के केलाय, शिवाय गुणक प्रश्नातच छापलाय.

कर्मचाऱ्यांना मात्र गणिताऐवजी काम द्यायचंय: मेसचा ओला कचरा 7 दिवस जेवणानंतर लगेच तोलायचा (उशिरा तोलला तर पाणी निथळून वजन घटतं), बादलीचं वजन वजा करायचं, काट्याचा फोटो टाकायचा.

इथेच विचारायचंय. इतके फोटो तपासायचे कुणी? मूडलचं 'वर्कशॉप' वापरून एकमेकांकडून तपासून घेतलंय का कुणी? साहेब आणि शिपाई एकाच गटात आले तर गुण मोकळेपणाने पडतात का? नावं लपवण्याची सेटिंग पुरते का?