एकाच बँडमध्ये ४७ वर्षे: ख्रिस स्क्वायरच्या कारकिर्दीकडे कसे पाहावे?

मंद्रसप्तक:
नमस्कार. गेल्या वर्षभरापासून मी बेस गिटार शिकतो आहे. सरांनी ‘येस’ या इंग्लिश बँडचे ‘फ्रॅजाइल’ (१९७१) आणि ‘क्लोज टू द एज’ (१९७२) हे दोन आल्बम ऐकायला सांगितले आणि तेव्हापासून त्यांचा बेसवादक ख्रिस स्क्वायर याच्याशिवाय दुसरे काही सुचेनासे झाले आहे. ‘फ्रॅजाइल’मधले ‘राउंडअबाउट’ पहिल्यांदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले, तेव्हा जी सुरावट गिटारची समजून मी गुणगुणत होतो, ती हेडफोन लावल्यावर बेसची निघाली. मग त्याच्याविषयी हाती लागेल ते वाचून काढले आणि एक गोष्ट मनात अडकून बसली.

त्याच पिढीतला बेसवादक आणि गायक जॉन वेटन घ्या. फॅमिली, किंग क्रिम्झन, रॉक्सी म्युझिक, युराया हीप, यूके आणि त्यानंतर एशिया असा त्याचा प्रवास आहे, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नवे सोबती आणि नवे संगीत. स्क्वायर मात्र १९६८ मध्ये येसच्या स्थापनेत होता आणि २७ जून २०१५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी तो गेला, तेव्हाही येसमध्येच होता. त्याच्या हयातीत निघालेल्या बँडच्या प्रत्येक स्टुडिओ आल्बमवर वाजवणारा तो एकटाच सदस्य. स्वतंत्र म्हणावा असा आल्बम १९७५ चा ‘फिश आउट ऑफ वॉटर’ आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी नाताळच्या गीतांचा एक, एवढेच. एवढ्या ताकदीच्या वादकाने बस्तान हलवून पाहिलेच नाही, याला निष्ठा म्हणायचे की तो तिथे अडकून पडला असे म्हणायचे? जाणकारांनी लिहावे.

खर्जप्रेमी:
प्रश्न कारकिर्दीचा असला तरी उत्तर त्याच्या आवाजापासून सुरू करावे लागेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्क्वायरची पहिली तालीम रॉकची नव्हे, तर चर्चमधल्या समूहगायनाची. वायव्य लंडनमधल्या किंग्सबरीच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये बॅरी रोझ या संगीत-संचालकाच्या हाताखाली तो लहानपणी गायला. चार आवाज एकाच वेळी चालू असताना खालच्या आवाजालाही स्वतःची चाल असते, हे ज्याच्या कानावर कोवळ्या वयात पडले, तो पुढे बेसवर नुसता मूळ स्वर धरून बसणार नाही, हे ओघानेच आले. केस लांब ठेवले म्हणून शाळेने निलंबित केले, तर हा परत गेलाच नाही. लंडनच्या बूसी अँड हॉक्स या वाद्यांच्या दुकानात नोकरी धरली आणि १९६५ मध्ये तिथूनच रिकनबॅकर बेस सवलतीत घेतली. पुढची ५० वर्षे तीच त्याची मुख्य बेस राहिली. १९६७ मध्ये एलएसडी या अमली पदार्थाच्या एका भयंकर अनुभवानंतर तो कित्येक महिने घराबाहेर पडायला धजत नव्हता, आणि त्या काळात बेसवर बसण्याखेरीज त्याला दुसरे काम नव्हते.

आता हाताकडे पाहा. तो बोटांनी नव्हे, पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने वाजवत असे, आणि पिक इतकी आखूड धरत असे की पिकपाठोपाठ अंगठ्याची कडही तारेला लागावी. त्यामुळे प्रत्येक स्वराच्या तोंडाशी एक टणक, धातूसारखा ठणका येतो. जोडीला रोटोसाउंडच्या कोऱ्या करकरीत तारा. शिवाय त्याच्या बेसवरच्या दोन पिकअपचे (तारांची थरथर टिपणाऱ्या भागांचे) आवाज वेगवेगळ्या वाटांनी बाहेर काढण्याची सोय होती: खालच्या सुरांचा पिकअप स्वच्छ ठेवायचा आणि वरच्या सुरांचा गिटारसारखा तापवून, थोडा फाडून वाजवायचा. म्हणजे एकाच माणसाकडून घरंगळणारा खर्जही मिळतो आणि वर खरखरीत धारही. तुम्ही ती सुरावट गिटारची समजलात यात तुमच्या कानाचा दोष नाही.

आता मुद्द्यावर येतो. असा बेस सामावून घ्यायला बाकीच्यांना सरकून बसावे लागते. येसचा गिटारवादक स्टीव्ह हाउ त्या काळात पोकळ अंगाची गिब्सन गिटार बऱ्याचदा स्वच्छ, बारीक आवाजात वाजवायचा, त्यामुळे मधल्या सुरांची पट्टी मोकळी राहायची. बिल ब्रूफर्डचे ड्रम्सही जाझकडे झुकणारे, नेमके आणि कोरडे. ही मांडणी स्क्वायरच्या भोवती, त्याच्यासह घडत गेली होती. वेटन उत्तम गायक होता, त्यामुळे तो कुठेही गेला तरी त्याचा गळा बरोबर जायचा. स्क्वायरला आपला आवाज दुसऱ्याच्या बँडमध्ये न्यायचा, तर तो बँडच नव्याने रचावा लागला असता.

जुनी कॅसेट:
वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मला फक्त ‘बस्तान हलवले नाही’ या शब्दांना हरकत घ्यायची आहे. बस्तान त्याने हलवले नसेल, पण त्याच्या आजूबाजूचे घर इतक्यांदा पाडून बांधले गेले की तो एकाच घरात राहिला असे म्हणणे जड जाते.

‘क्लोज टू द एज’चे काम होताच १९७२ मध्ये ब्रूफर्ड किंग क्रिम्झनमध्ये गेला आणि जेमतेम काही दिवसांच्या तयारीवर अ‍ॅलन व्हाइट दौऱ्याला उभा राहिला. स्क्वायर आणि व्हाइट ही जोडी मग ४३ वर्षे टिकली. १९८० मध्ये गायक जॉन अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन या दोघांनीही बँड सोडला, तेव्हा ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ने गाजलेल्या बगल्सची जोडगोळी, ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स, बँडमध्ये आली आणि ‘ड्रामा’ निघाला. त्या आल्बमवर स्क्वायरचा बेस जितका पुढे येऊन वाजतो तितका तो इतरत्र क्वचितच वाजला आहे, असे माझे मत आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला तो मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर. टेप इतकी ताणली गेली होती की गाणी अर्धा सूर उतरली होती, पण बेस तरीही स्पष्ट होता.

१९८१ मध्ये बँड मोडला. म्हणजे तुम्ही विचारता तो बाहेर पडण्याचा क्षण अगदी समोर येऊन ठेपला होता, आणि तोही लेड झेपेलिनच्या जिमी पेजबरोबर. पेज, स्क्वायर आणि व्हाइट यांनी ‘एक्सवायझी’ नावाने काही काळ तालमी केल्या, पण त्यातून बँड उभा राहिला नाही. त्यातले एक गाणे तब्बल २० वर्षांनी ‘मॅग्निफिकेशन’ (२००१) या आल्बमवर ‘कॅन यू इमॅजिन’ म्हणून आले, आणि तिथे मुख्य गायक स्क्वायरच आहे. ‘एक्सवायझी’ फिसकटल्यावर स्क्वायरने आणि व्हाइटने दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गिटारवादक ट्रेव्हर रॅबिनबरोबर ‘सिनेमा’ नावाचा बँड काढला. तो येस नव्हता. पण स्क्वायरने ती ध्वनिमुद्रणे अँडरसनला ऐकवली, अँडरसन गायला तयार झाला, आणि तोच बँड येस होऊन ‘९०१२५’ (१९८३) घेऊन आला. ‘ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट’ जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

१९८९ मध्ये तर मामला कोर्टकचेरीपर्यंत गेला. अँडरसन, ब्रूफर्ड, वेकमन आणि हाउ या चौघांना एकत्र येऊनही येस हे नाव वापरता येईना, म्हणून त्यांनी चार आडनावांचा लांबलचक फलक लावून आल्बम काढला. नाव स्क्वायरच्या बाजूला होते. दोन वर्षांनी ‘युनियन’मध्ये दोन्ही पंगती एकत्र बसल्या आणि मंचावर एकाच वेळी आठ जण दिसू लागले. हे सगळे वाचून तो अडकला होता असे मला तरी वाटत नाही. बाकीचे ये-जा करत राहिले आणि घराची किल्ली त्याच्याकडे राहिली.

ठेका:
मी थोडा विरोधी सूर लावतो. किल्ली हातात राहिली हे खरे, पण तिची किंमतही मोजावी लागली असे मला वाटते. नव्वदीतले येसचे आल्बम मन लावून ऐकल्यास बऱ्याच ठिकाणी स्क्वायर बँडचे नाव चालवतो आहे असे वाटते. संगीत चालवताना तो कमी वेळा दिसतो. २०१२ मध्ये ‘जेनेसिस’ बँडचा माजी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याच्याबरोबर ‘स्क्वॅकेट’ नावाने त्याने एक आल्बम केला. तो ऐकताना हे आधी का केले नाही, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

याउलट ‘फिश आउट ऑफ वॉटर’ जरूर ऐका. (‘फिश’ हे त्याचे टोपणनाव होते. मंडळी एकत्र राहत असताना हा न्हाणीघरात तासन्‌तास पडून असायचा, म्हणून ते पडले.) पहिल्याच गाण्यात जो प्रचंड चर्च ऑर्गन वाजतो तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधला, आणि वाजवणारा बॅरी रोझ, म्हणजे लहानपणीचा तोच संगीत-संचालक. वाद्यवृंदाची रचना किशोरवयातला मित्र अँड्र्यू जॅकमनची आणि ड्रम्सवर ब्रूफर्ड. गिटार जवळजवळ नाहीच, ती जागा बेसने भरली आहे. असा आणखी एखादा आल्बम व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही याची खंत कुठलीही किल्ली भरून काढू शकत नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड. येसचा १९७३ चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा दुहेरी आल्बम परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून सुचला होता. कल्पना अँडरसनची, पण चौथ्या बाजूवरच्या ‘रिच्युअल’मधला बेसचा स्वतंत्र भाग ऐकण्यासारखा आहे. बाकीच्या तीन बाजूंना धीर लागतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मंद्रसप्तक:
तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. ‘फ्रॅजाइल’वरच्या ‘द फिश’बरोबर वाजवायला बसलो की दर आवर्तनाला माझा ठेका निसटतो. मी कुठे चुकतो?

ठेका:
आपण बहुधा आठ मोजत आहात. मुख्य चाल सात मात्रांची आहे. रूपक तालाची सवय असेल तर हातावर सात धरा, फक्त रूपकाचे खंड त्यावर लादू नका, कारण चालीचे वजन वेगळ्या ठिकाणी पडते. आणि गिटार शोधू नका. तिथे एकावर एक चढणाऱ्या सगळ्या सुरावटी स्क्वायरने वेगवेगळ्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलेल्या बेसच्याच आहेत, खाली फक्त ड्रम्स आहेत आणि शेवटाकडे माशाचे शास्त्रीय नाव आळवणारे आवाज. सर्वांत खालची ओळ आधी बसवा आणि ती न मोजता चालू लागली की मगच वरच्या ओळीला हात घाला.

खर्जप्रेमी:
आणि पिक आखूड धरा. पहिले आठ दिवस अंगठा सोलवटेल.