नोकरीसाठी डिझाइन पोर्टफोलिओ : तुमचा कसा घडला?

उपयोजित कला, पॅकेजिंग किंवा यूएक्स (ॲप, संकेतस्थळ वगैरे वापरणाऱ्याला सोपे जावे यासाठीचे डिझाइन) या क्षेत्रांत पहिली नोकरी मिळवताना गुणपत्रिकेपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संग्रह, आधी पाहिला जातो, हे सगळेच सांगतात. परंतु त्यात कोणते काम ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्यांनी पोर्टफोलिओच्या आधारे नोकरी मिळवली आहे, तसेच ज्यांनी मुलाखत घेताना इतरांचे पोर्टफोलिओ तपासले आहेत, अशा सर्वांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

सुरुवात मीच करते. मी मुंबईत पॅकेजिंग डिझाइन करते. पदवीनंतर पोर्टफोलिओ जुळवताना मसाल्याच्या खोक्याचे चकचकीत मॉकअप (तयार खोके कसे दिसेल याचे चित्र) तर मी ठेवलेच, पण त्याच्या शेजारच्या पानावर खोक्याची संपूर्ण उलगडलेली डायलाइनही (छपाई आणि कटाईसाठीचा सपाट आराखडा) ठेवली. घडीच्या आणि कापण्याच्या रेषा, चिकटवण्याची पट्टी, बारकोडची जागा, शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक हे सारे तिच्यावर जागच्या जागी होते. मुलाखतीत मॉकअपवरून नजर झरझर पुढे गेली आणि जवळजवळ सगळी चर्चा डायलाइनच्या पानावरच झाली, कारण ही मुलगी छापखान्यात पाठवता येईल अशी फाइल बनवू शकते की नाही, हेच त्यांना पाहायचे होते.

प्रतिसाद, कोल्हापूर (सध्या पुणे), यूएक्स डिझायनर

मी डिझाइनचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे दाखवायला महाविद्यालयातील कामही नव्हते. म्हणून मी आमच्या गावातील दूध संकलन केंद्राची पावती हा विषय घेतला. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटव्यतिरिक्तचे घन घटक), दर आणि रक्कम हे सारे आकडे त्या चिंचोळ्या पावतीवर एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात. मी सकाळच्या संकलनाच्या वेळी केंद्रावर थांबून उत्पादकांना एवढेच विचारत असे की, पावती हातात आल्यावर तुम्ही आधी कोणता आकडा पाहता. बहुतेकांचे बोट आधी फॅटवर जाई आणि मग रकमेवर. लिटर त्यांना घरून निघतानाच माहीत असतात. त्यानुसार मी पावतीची नवी मांडणी केली, पण कागदाची 58 मिलिमीटर रुंदी आणि थर्मल छपाईचा एकच काळा रंग या मर्यादा मुद्दाम तशाच ठेवल्या. मोबाइलच्या पडद्याचा आराखडा त्यानंतर केला. पोर्टफोलिओत मी वहीतली कच्ची रेखाटने, टाकून दिलेली एक मांडणी आणि ती का टाकली याचे कारण, असे सगळे क्रमाने दिले. मुलाखतीत त्या टाकलेल्या मांडणीवरच सर्वाधिक प्रश्न आले आणि माझ्या मते नोकरीही तिच्यामुळेच मिळाली.

प्रतिसाद, पुणे, डिझाइन विभागप्रमुख

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या एखाद्या प्रसिद्ध ॲपची ‘नवी रचना’ इतक्या पोर्टफोलिओंत असते की आता ती पाहताना हात आपोआप पुढचे पान उघडतो. काल्पनिक ग्राहकाचे छायाचित्र, त्याचे वय, त्याच्या आवडीनिवडी हा साचाही ठरलेलाच. त्यापेक्षा वर ज्यांनी दूध केंद्राबद्दल लिहिले आहे, तसे एकच काम मला पुरेसे वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे, गटाने केलेल्या कामात आपला वाटा स्पष्ट लिहावा. ‘आम्ही संशोधन केले, आम्ही पडदे तयार केले’ असे वाचले की उमेदवाराने नेमके काय केले, हे विचारण्यातच मुलाखतीचा बराच वेळ जातो. तिसरा मुद्दा गोपनीयतेचा. सध्याच्या कंपनीचे बाजारात न आलेले पडदे दाखवणारा उमेदवार उद्या आमचेही दाखवेल, ही शंका मनात येतेच. परवानगी नसेल तर समस्या आणि विचारप्रक्रिया शब्दांत मांडावी, आकडे आणि पडदे वगळावेत.

प्रतिसाद, मुंबई, जाहिरात क्षेत्र

देवनागरी येत असेल तर ती पोर्टफोलिओत ठळकपणे दिसली पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. माझ्या पोर्टफोलिओत एकच जाहिरात इंग्रजीत आणि मराठीत शेजारी शेजारी होती. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने मराठीला दोन ओळींमध्ये अधिक अंतर लागते, आणि इंग्रजीचा लेआउट जसाच्या तसा वापरला तर मजकूर गुदमरतो, हे त्या दोन पानांवरून न सांगता कळत असे. ॲडोबी इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारी सोय) निवडला नाही, तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. हे मराठी माणसाच्या लगेच लक्षात येते, इतरांच्या येत नाही, आणि आपले मोल तिथेच आहे. फॉन्टसाठी खर्चाची अडचण असेल तर ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू हे मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात.

प्रतिसाद, जर्मनी

इथे पोर्टफोलिओबरोबर अर्जाचे पत्र आणि आधीच्या कंपनीने दिलेले लेखी कार्यप्रमाणपत्रही पाहिले जाते. भारतातून येण्याचा विचार असेल तर नोकरी सोडतानाच, तुमच्या कामाचे स्वरूप सांगणारे सविस्तर पत्र मागून घ्यावे. नंतर मागे लागणे फार कठीण जाते.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. व्यक्तिगत निरोपातून एकीने विचारले आहे की, मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडून मध्ये काही वर्षे गेली असतील, तर जुने काम ठेवावे का. पॅकेजिंगपुरते माझे उत्तर असे की, छापून बाजारात आलेले काम जुने असले तरी जरूर ठेवावे, वर्ष मात्र लपवू नये, आणि त्यातील एखादे खोके आज कसे कराल हे नव्याने करून शेजारी लावावे. यूएक्समध्ये हे कितपत चालते, ते पुण्याच्या प्रतिसादकांनी कृपया सांगावे.