जनरल सेट आतून ओला निघतोय, आणि नीडल होल्डरची तक्रार

प्रश्न
नमस्कार. प्री-व्हॅक्यूम ऑटोक्लेव्ह (आधी हवा खेचून मग वाफेने इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करणारं मशीन) आहे, १३४ अंश, ड्रायिंग (शेवटी वाळवणं) २० मिनिटं. पॅकवरच्या टेपचे पट्टे काळे होतात, आतलं इंडिकेटर (वाफ पोचल्याची खूण दाखवणारी पट्टी) पास असतं, तरी लॅपरोटॉमीचा (पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा) जनरल सेट उघडला की तळाच्या टॉवेलला ओल लागते. छोटे सेट कोरडे निघतात. याच सेटमध्ये दोन किडनी ट्रे आणि एकात एक ठेवलेले तीन बाउल आहेत. एकूण वजन साडेबारा किलो. शिवाय ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) तक्रार आहे की नीडल होल्डरमध्ये (टाक्याची सुई धरणाऱ्या चिमट्यात) सुई फिरते. ड्रायिंग वाढवू का? आणि पॅकिंगआधी कोणत्या इन्स्ट्रुमेंटचं काय बघायचं?

उत्तर १
ड्रायिंग नंतर वाढवा, आधी सेट हलका करा. गुंडाळलेल्या सेटला साधारण ११.३ किलो, म्हणजे २५ पाउंड, ही वरची मर्यादा धरतात. धातू जितका जास्त, तितकी वाफ त्यावर थंड होऊन पाणी होतं आणि ते तळाला उतरतं.

बाउल आणि किडनी ट्रे वेगळ्या पॅकमध्ये काढा. बाउल एकात एक ठेवायचेच असतील तर प्रत्येक दोहोंमध्ये टॉवेल घाला, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करा आणि पॅक रॅकवर कडेवर तिरका ठेवा. उताणा ठेवलात तर पाणी आतच साचणार. जड रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारे आकडे) ट्रेच्या तळाशी एका कोपऱ्यात न रचता पसरून ठेवा.

बाहेर काढल्यावर गरम पॅक थंड स्टीलच्या टेबलावर ठेवू नका, खालून लगेच दव धरतं. ट्रॉलीवरच, एसीच्या झोतापासून लांब, निवू द्या. अर्धा तास तरी लागतोच, जड सेटला दोन तासही लागतात. तोवर हात लावायचा नाही.

आणि ओला निघालेला सेट अनस्टेराइलच. ओल्या रॅपमधून (वरच्या गुंडाळीतून) जंतू आत ओढले जातात, त्यामुळे इंडिकेटर पास असलं तरी पूर्ण सेट नव्या रॅपमध्ये गुंडाळून परत ऑटोक्लेव्हला लावायचा.

उत्तर २
तपासणीबद्दल. दिव्याचं भिंग हवंच, नुसत्या डोळ्यांना बॉक्स लॉकमधलं (दोन भाग एकमेकांत अडकवलेल्या सांध्यातलं) रक्त दिसत नाही. आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा) पूर्ण उघडून सांधा आणि जबड्याच्या खाचा बघा. मग हळूच मिटा, आधी टोकं जुळली पाहिजेत. रॅचेटच्या (मुठीजवळच्या दातेरी लॉकच्या) पहिल्या दातावर लावून ती बाजू तळहातावर हलकेच आपटा. उघडली तर ती दुरुस्तीला.

नीडल होल्डरमध्ये त्याच्या मापाची सुई धरून दुसऱ्या दातावर लॉक करा आणि बोटांनी फिरवून बघा. सहज फिरली तर जबडा झिजलाय. बोटं घालायच्या कड्या सोनेरी असतील तर जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या (फार कठीण पदार्थाच्या) पट्ट्या असतात आणि त्या बदलून मिळतात, इन्स्ट्रुमेंट भंगारात टाकू नका.

कात्रीची चाचणी टोकाशीच घ्या, मागच्या भागाने कशीही कापते. मोठ्या मेयो कात्रीने गॉजचे चार थर, लहान कात्रीने दोन थर ओढाताण न होता कापले गेले पाहिजेत.

तपकिरी डाग दिसला की पेन्सिलच्या खोडरबराने घासा. निघाला आणि खाली गुळगुळीत असेल तर नुसता डाग. खड्डा राहिला तर गंज, ते इन्स्ट्रुमेंट बाजूला काढा, सेटमध्ये परत घालू नका.

सांधा जड चालत असेल तर पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट मिल्कच (दुधाळ वंगण) वापरा. मशीनचं तेल घातलंत तर त्या थराखाली वाफ पोचत नाही.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. सूक्ष्म कात्र्या दुहेरी पाउचमध्ये (एक बाजू कागदाची, एक प्लास्टिकची अशा पिशवीत पिशवी) घालतो, आतला पाउच मोठा पडला की दुमडतो. चालतं का?

उत्तर ३
नाही. दुमडीत हवा अडकते आणि वाफ पोचत नाही. आतला पाउच एक माप लहान घ्या, न दुमडता बसला पाहिजे. कागद कागदाकडे, प्लास्टिक प्लास्टिककडे, कारण वाफ फक्त कागदातून ये-जा करते. इन्स्ट्रुमेंट आणि सील यांत अडीच सेंटिमीटर मोकळं सोडा. टोकाला टोपी घालायचीच असेल तर वाफ जाऊ देणारी घ्या, तीही सैल बसली पाहिजे. सगळे रॅचेट उघडे ठेवा. लॉक केलेल्या सांध्यात वाफ शिरत नाही, शिवाय तापून धातू फुगला की बॉक्स लॉकला तडा जातो.

चेंबरमध्ये पाउच आडवे रचू नका, कडेवर उभे लावा. भरलेला पाउच मोठ्या ट्रेच्या सेटमध्येही कोंबू नका, तिथे तो उभा राहत नाही. नाव-तारीख प्लास्टिकच्या बाजूला, सीलच्या बाहेरच्या पट्टीवर लिहा. कागदावर पेन दाबलं की भोक पडतं, शाईही आत झिरपते.