अनुभव धागा: शाळेतल्या बाई 'अतिरिक्त' ठरतात तेव्हा

कोरांटी
समायोजनाच्या, म्हणजे जास्तीच्या ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवण्याच्या याद्यांची बातमी वाचली आणि जुनी बोच पुन्हा वर आली. पटावरची दोन-चार मुलं कमी झाली की पद जातं, आणि ज्येष्ठता यादीत शेवटी ज्यांचं नाव, ते जातात. परिपाठात रोज नव्या मुलाला बोलतं करणाऱ्या, भात वाढताना सगळ्यांना एकाच पंगतीत बसवणाऱ्या बाई कागदावर नुसतं एक 'पद' असतात. फार लागतं हे. पालकांनी वेळेत काय बघावं? माहितगारांनी लिहा.

रानजाई
30 सप्टेंबर! त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 60 पर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4. 62 मुलांतली दोन गेली की तिसरं पद धोक्यात.

बाराखडी
आणि नुसता हजेरीतला पट चालत नाही, आधार जुळलेला लागतो. नाव, जन्मतारीख, लिंग, तिन्ही. जनरल रजिस्टरला 'ज्ञानेश्वर', आधारवर 'माऊली'. किंवा जन्मतारीख सरसकट 1 जानेवारी. पोरगं बाकावर बसलेलं असतं आणि मोजणीत नसतं. न जुळलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे जुलैतच मागा. दुरुस्तीला जन्मदाखला लागतो, सप्टेंबरात धावपळ करून वेळेत होत नाही.

सानूची आई
मूल पाच वर्षांचं झालं की आधारला बोटांचे ठसेपण द्यावे लागतात, ते बरेच जण विसरतात. भाकरी तव्यावर आहे, येते परत.

घंटा
सहावी ते आठवीचं गणित वेगळं. 35 मुलांमागे एक, शिवाय गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रं असे गट. पदमंजुरीचे निकष बदलणाऱ्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांना तर फारच जड झालंय. वाडी-वस्तीवरच्या मुलांवर हा सरळ अन्याय आहे.

पाटीपेन्सिल
खासगी अनुदानित शाळा असेल तर 1981 ची नियमावली, नियम 26. कायम शिक्षकाला कमी करताना तीन महिन्यांची नोटीस लागते. पण खरी मेख ज्येष्ठता यादीत. नेमणुकीची तारीख एकटी बघू नका, प्रशिक्षणाची पात्रता कधी मिळाली तेही बघतात. रकाना चुकला की भलताच माणूस खाली जातो. हरकत शिक्षकानेच घ्यायची, लेखी, आणि पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

कोरांटी
आणि शाळा व्यवस्थापन समिती?

रानजाई
75 टक्के पालक असतात तिच्यात, निम्म्या जागा बायकांच्या. ठरावाने बदली थांबत नाही, पण रिकाम्या पदाची मागणी लेखी जाते.

घंटा
माझं कळकळीचं सांगणं: शाल-श्रीफळ नंतर द्या. आधी बाईंची मुलांच्या नोंदींची वही नव्या शिक्षकांच्या हाती जाऊ द्या. कोणाचं जोडाक्षर अडतं, कोण हातचा विसरतं, कोण डबा न आणता येतं, सगळं तिच्यात असतं. पंगतीची रीतही समजावून सांगायला लावा, नाहीतर महिन्याभरात वेगवेगळे घोळके बसायला लागतात.

चिंचबोर
माऊली नावाची दोन मुलं आमच्याही वर्गात आहेत 😀

सानूची आई
आले. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसेल तर आधी जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव घालून घ्या. मगच आधार केंद्रावर.

चिंचबोर
जन्म मामाच्या गावचा असेल तर?

सानूची आई
मग मामाच्या गावालाच जावं लागेल. फेरी एकच पडावी म्हणून शाळेचं बोनाफाईड सोबत न्या.